सर्वात जवळचा रस्ता की सर्वात इतबारी खबर?

आमच्या कुर्ल्यात दहावी-बारावीनंतर काय करायचं, या प्रश्नाला हल्ली एक उत्तर हमखास मिळतं: नेटवर्किंगचा कोर्स कर. सहा महिने क्लास, मग सीसीएनएची परीक्षा, मग बीकेसीतल्या एखाद्या ऑफिसात नोकरी आणि नशीब उघडलंच तर दुबई किंवा रियाध. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हा विषय काही माझा नाही. पण माजी विद्यार्थी वही घेऊन येतात, कारण क्लासचं पुस्तक इंग्रजीत असतं आणि मनातला विचार उर्दूत किंवा मराठीत चालू असतो.

त्या वह्यांमध्ये एक तक्ता सगळ्यांकडे सापडतो. थेट जोडलेला मार्ग ०, हाताने लिहिलेला मार्ग १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०. वर शीर्षक: ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स’. मुलं हा तक्ता पहाड्यासारखा पाठ करतात. एका मुलाला मुलाखतीत विचारलं गेलं, की ओएसपीएफने सर्वात स्वस्त मार्ग शोधून दिलेला असतानाही राउटर दुसऱ्याच मार्गाने माल पाठवतो आहे, असं का होत असेल? त्याने ११० हा आकडा बरोबर सांगितला आणि तिथेच अडकला. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, “टीचर, डिस्टन्स म्हणजे अंतरच ना? मग हे एकशे दहा काय आहे? किलोमीटर?”

प्रश्न भाषेचा होता, म्हणून मी त्याच्या मागे लागले. शोधता शोधता कळलं की या ‘अंतरा’चा लांबीशी काहीही संबंध नाही. खबर देणाऱ्यावर किती इतबार ठेवायचा, त्याचा हा दर्जा आहे. आकडा जितका लहान, तितका इतबार मोठा. आणि ही गोष्ट समजायला आपल्या समाजाला तर फार अवघड जाऊ नये. ते का, हे पुढे सांगते. आधी थोडा इतिहास.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. आजच्या इंटरनेटचा हा पूर्वज. त्यात रस्ता शोधायची सुरुवातीची पद्धत शेजाऱ्यावर अवलंबून होती. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याला सांगायचं, ‘मला अमक्या ठिकाणी पोचायला इतका वेळ लागतो.’ शेजारी त्यात स्वतःचा वेळ मिळवायचा आणि तो आकडा पुढच्या शेजाऱ्याला द्यायचा. या घराण्याच्या पद्धतींना डिस्टन्स-व्हेक्टर म्हणतात. कुर्ला स्टेशनच्या पुलावर उभं राहून ‘हार्बर चालू आहे का?’ असं विचारावं आणि समोरच्याने ‘हो, आत्ताच कोणीतरी सांगितलं’ असं म्हणावं, तसा हा प्रकार. सगळं सुरळीत असताना तो चालतो. मधली एखादी तार तुटली की मात्र जुनी बातमी फिरत राहते. पहिला म्हणतो, दुसऱ्याकडे रस्ता आहे. दुसरा म्हणतो, पहिल्याकडे आहे. प्रत्यक्षात रस्ता कोणाकडेच नसतो.

मे १९७९ मध्ये अर्पानेटने ही पद्धत सोडली. बीबीएन या कंपनीतल्या जॉन मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी नवी पद्धत आणली. नियम असा, की प्रत्येक यंत्राने फक्त स्वतःला जोडलेल्या तारांबद्दल बोलायचं. पण ते शेजाऱ्यापुरतं न ठेवता साऱ्या नेटवर्कला कळवायचं. दुसऱ्याकडून ऐकलेलं आपलं म्हणून सांगायचं नाही. अशा सगळ्या निवेदनांतून प्रत्येक यंत्र संपूर्ण नकाशा तयार करतं आणि त्यावरून स्वतःच सर्वात जवळचा रस्ता मोजतं. हीच लिंक-स्टेट पद्धत. मोजण्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत मनातल्या मनात तयार केली होती. ती १९५९ मध्ये छापून आली.

उर्दूत ‘सुनी-सुनाई’ आणि ‘चश्मदीद गवाही’ यांत जो फरक आहे, तोच या दोन पद्धतींत आहे. पहिलीत ऐकीव बातमी पुढे सरकते, दुसरीत प्रत्येक जण डोळ्यांनी पाहिलेल्यापुरती साक्ष देतो.

साक्षही बिघडू शकते, हे लवकरच दिसलं. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. प्रत्येक निवेदनाला एक अनुक्रमांक असे, म्हणजे नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे कळावं. एका यंत्रातल्या बिघाडाने या क्रमांकातले बिट गळाले आणि एकाच निवेदनाच्या ४४, ४० आणि ८ अशा तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक घड्याळासारखे गोल फिरणारे असल्याने ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि ४४ पेक्षा ८ नवा ठरत होता. प्रत्येक यंत्र दर वेळी ‘नवी’ बातमी समजून ती पुढे पाठवत राहिलं आणि दुसऱ्या कामाला जागाच उरली नाही. पुढे ओएसपीएफ हा खुला लिंक-स्टेट प्रोटोकॉल आला. त्याची पहिली संहिता १९८९ ची, आज वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रमाण संहिता १९९८ ची, दोन्ही जॉन मॉय यांनी लिहिलेल्या. त्यात क्रमांक गोल फिरत नाहीत, प्रत्येक निवेदनाची बेरीज तपासली जाते आणि एका तासात ताजं न झालेलं निवेदन बाद धरलं जातं.

आता त्या ११० कडे येऊ. ओएसपीएफ इतका शहाणा आहे, तर इतबाराचा वेगळा आकडा कशाला लागतो?

कारण एकाच राउटरला अनेक जण सांगत असतात. एखाद्या जुन्या कंपनीत रिप चालू असतो, नव्या इमारतीत ओएसपीएफ बसवलेला असतो, विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून ईआयजीआरपी आलेला असतो आणि कोणा जुन्या इंजिनिअरने दोन-चार मार्ग हाताने लिहून ठेवलेले असतात. यांची मापं वेगवेगळी. रिप फक्त मधले थांबे मोजतो, तेही १५ पर्यंतच. १६ म्हणजे रस्ताच नाही. ओएसपीएफ तारेच्या वेगावरून किंमत काढतो. ईआयजीआरपी वेग आणि विलंब दोन्ही मिसळून मोठाले आकडे काढतो. रिप म्हणतो ३ आणि ओएसपीएफ म्हणतो २०, तर कोण जवळ? तोळा आणि मैल यांत मोठं काय, असं विचारण्यासारखं आहे ते. म्हणून राउटर मापांची तुलना करतच नाही. तो आधी विचारतो, सांगतंय कोण?

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिस्को कंपनीने आपल्या राउटरमध्ये या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत बसवलं. स्वतःला जोडलेली तार ०. माणसाने हाताने लिहिलेला मार्ग १. बाहेरच्या संस्थेकडून बीजीपीने आलेला २०. ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आयएस-आयएस ११५, रिप १२०. आणि २५५ म्हणजे या माणसाचं ऐकायचंच नाही. ईआयजीआरपी ही सिस्कोची स्वतःची पद्धत. तिला ओएसपीएफच्या वर जागा आहे. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीचे राउटर पाहिले तर क्रम वेगळा दिसतो. तिथे हाताने लिहिलेला मार्ग ५, ओएसपीएफचा अंतर्गत मार्ग १०, रिप १०० आणि बीजीपी १७०. म्हणजे हा क्रम निसर्गाने ठरवलेला नाही. तो माणसांनी ठरवलेला आहे आणि कारभार पाहणारा माणूस तो बदलूही शकतो. नावातलं ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ इथून आलं.

हे वाचताना मला सारखं इल्म-ए-हदीस आठवत होतं. हदीस आपल्यापर्यंत रावींच्या साखळीने पोचते. ही साखळी म्हणजे सनद. साखळीत कड्या जितक्या कमी, तितकी सनद ‘आली’, म्हणजे उंच. कड्या कमी तर चुकीच्या जागाही कमी, म्हणून मुहद्दिसीन एखादी कडी कमी करण्यासाठी महिनोन् महिने प्रवास करत. पण त्यांच्याच शास्त्राने हेही ठरवलं, की छोट्या साखळीत एक जरी कमजोर रावी असेल, तर ‘सिका’ म्हणजे विश्वासू रावींची लांब साखळी तिच्यापेक्षा वरचढ. आधी माणूस तपासा, मग कड्या मोजा. हाफिज इब्न हजर अस्कलानी यांनी पंधराव्या शतकात ‘तक्रीबुत्तहजीब’मध्ये रावींचे बारा दर्जे लावले. पहिल्यावर सहाबा, बाराव्यावर खोटारडे आणि रचून सांगणारे. त्या बाराव्या दर्जाला सिस्कोच्या तक्त्यात २५५ म्हणतात, असं मी मुलांना सांगते तेव्हा वर्गात हशा पिकतो. पण मग तक्ता पाठ करावा लागत नाही.

तुलना एवढ्यापुरतीच. यंत्राची दुनियादारी आणि दीनची जबाबदारी एका तराजूत घालायची नाही. शिवाय एक मोठा फरक आहे. जरह आणि तादीलच्या शास्त्रात एकेका रावीवर कारणं देऊन चर्चा झाली, मतभेद नोंदले गेले. राउटरमध्ये कारण लिहिलेलं नसतं. एक आकडा असतो आणि तो कोणी कधी बसवला, हे बहुधा कोणाला आठवत नाही. घोळ इथेच सुरू होतो.

इतबाराचा प्रश्न दोन वाटा असतील तेव्हाच उठतो. कुर्ल्याचंच पाहा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, त्यानंतर कितीतरी वर्षं रेल्वेने मुंबई गाठायची तर कुर्लेकरांना तो एकच मार्ग होता. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड हार्बर मार्ग सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. तेव्हापासून व्हीटीला जायला दोन वाटा झाल्या आणि ‘आज कुठून जाऊ?’ हा प्रश्न जन्माला आला. भारताच्या नेटवर्कचंही असंच झालं. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात देशभरातल्या मोजक्या आठ संस्था होत्या. आपल्या मुंबईतली जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी त्यांपैकी दोन. संथ तारांच्या त्या दिवसांत निवडायला फारसं काही नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, पुढे खासगी कंपन्या आल्या, तारा वाढल्या. आता बीकेसीतलं एखादं बऱ्यापैकी ऑफिसही दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेऊन ठेवतं. वाटा वाढल्या, तसे सांगणारेही वाढले.

आता त्या मुलाच्या मुलाखतीतला प्रश्न. उत्तर नकाशाशिवाय समजत नाही, म्हणून एक कल्पित संस्था घेऊ. तिच्या चार शाखा: कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी. कुर्ला-घाटकोपर तारेची किंमत १०, घाटकोपर-मुलुंड १०, कुर्ला-अंधेरी १०. अंधेरी ते मुलुंड एक जुनी संथ तार आहे, तिची किंमत १००. चारही ठिकाणी ओएसपीएफ चालू आहे, त्यामुळे नकाशा सगळ्यांकडे एकच. अंधेरीहून मुलुंडला जायचं तर थेट १०० पडतात, कुर्ल्यावरून ३०. म्हणून अंधेरी मुलुंडचा माल कुर्ल्याकडे पाठवते. अगदी बरोबर.

पण कुर्ल्याच्या राउटरवर एक जुनी ओळ पडून आहे: ‘मुलुंडला जायचं तर अंधेरीवरून.’ घाटकोपरची तार टाकण्यापूर्वी कोणीतरी ती हाताने लिहिली होती. तेव्हा ती खरीही होती. हाताने लिहिलेली म्हणून तिचा आकडा १, ओएसपीएफचा ११०. कुर्ला ओएसपीएफचं गणित बाजूला ठेवतो आणि माल अंधेरीला देतो. अंधेरी नकाशा पाहून तो कुर्ल्याला परत करते. कुर्ला पुन्हा अंधेरीला देतो. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, बहुतेकदा ६४ पासून सुरू होणारा. तो दर थांब्याला एकाने कमी होतो. तो शून्य होईपर्यंत पॅकेट कुर्ला-अंधेरी, अंधेरी-कुर्ला फिरत राहतं आणि मग फेकलं जातं. मुलुंडला काहीच पोचत नाही. चारही तारा मात्र धडधाकट.

लिंक-स्टेट पद्धतीत हा घोळ जास्त लपतो. डिस्टन्स-व्हेक्टरमध्ये राउटर साधारणपणे स्वतः वापरत असलेलाच मार्ग पुढे सांगतो, त्यामुळे त्याने मत बदललं की शेजाऱ्याला चाहूल लागते. लिंक-स्टेटमध्ये तसं नाही. कुर्ल्याने ओएसपीएफचं गणित स्वीकारलं काय आणि बाजूला ठेवलं काय, नकाशावरची त्याची साक्ष तीच राहते: मला अंधेरी जोडलेली आहे, मला घाटकोपर जोडलेलं आहे. साक्ष खरीच आहे. इतबाराचा आकडा मात्र त्या साक्षीबरोबर जात नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात राहतो. अंधेरीचं सगळं गणित एका समजुतीवर उभं असतं, की कुर्लाही याच नकाशाने चालतो आहे. कुर्ला न सांगता दुसऱ्याचं ऐकू लागला, की ती समजूत कोसळते आणि अंधेरीला कळतही नाही.

हाच आकडा नीट वापरला तर तो उपयोगी आहे. हाताने लिहिलेल्या त्याच ओळीला १ ऐवजी २०० द्यायचे. मग ओएसपीएफ बोलत असेपर्यंत ती ओळ गप्प बसते आणि ओएसपीएफकडे मुलुंडचा मार्गच उरला नाही की पुढे येते. रिपवरून ओएसपीएफवर जातानाही हीच सोय होते. दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवता येतात. ओएसपीएफचा दर्जा वरचा असल्याने तो जिथे पोचेल तिथे त्याचं ऐकलं जातं, आणि सगळीकडे पोचला की रिप बंद करता येतो.

खुद्द ओएसपीएफच्या आतही असाच एक क्रम आहे. आपल्याच विभागातला मार्ग आधी, दुसऱ्या विभागातून आलेला नंतर, बाहेरून आणलेला सर्वात शेवटी. दुसऱ्या विभागातून आलेला मार्ग कितीही स्वस्त असला तरी आपल्या विभागातल्या मार्गासमोर तो हरतो. म्हणजे किंमत मोजणाऱ्या या पद्धतीनेही आधी ‘कुठली खबर’ हे विचारलं आहे.

फक्त एक गोष्ट इतबारालाही मागे टाकते: पत्त्याचा नेमकेपणा. हे दर्जे एकाच पत्त्यासाठी दोन खबरा आल्या तरच लागू होतात. एकाने ‘कुर्ला’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘कुर्ला पश्चिम, अमुक गल्ली’ म्हटलं, तर दुसरा जिंकतो, तो कोणीही असो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने हे पाहिलं. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. त्यासाठी तिने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एक छोटा, नेमका तुकडा आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. ती खबर हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत बाहेर पडली आणि जगभरच्या राउटरांनी यूट्यूबच्या खऱ्या पण ढोबळ पत्त्याऐवजी हा खोटा पण नेमका पत्ता मानला. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब बंद पडलं. नेमकं बोलणारा माणूस खराच असतो असं नाही, हे त्या दिवशी यंत्रांना कळायला मार्ग नव्हता. आपल्याला तरी दर वेळी कुठे कळतं? मोबाइलवर येणाऱ्या अफवेत गल्लीचं नाव, वेळ आणि आकडा दिलेला असतो, म्हणून तर ती खरी वाटते. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आणणारा कसा आहे ते पाहून शहानिशा करण्याचा हुकूम आहे. आपण मात्र सर्वात लवकर आलेली खबर उचलतो आणि पुढे ढकलतो.

आणि हाताने लिहिलेल्या जुन्या ओळी आपल्या घराघरांतही आहेत. ‘उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी जमत नाही.’ ‘मुलीला एवढ्या लांबच्या कॉलेजात कशाला?’ कोणी, कधी, कोणत्या परिस्थितीत हे ठरवलं, ते सांगायला आज कोणी नाही. तेव्हा कदाचित दुसरी तारच नव्हती. आता तार आहे, नकाशाही समोर आहे, तरी त्या ओळीचा आकडा १ आहे, म्हणून नकाशाकडे कोणी पाहत नाही. माझ्या वर्गातली मुलं कोणाच्या हुशारीत कमी नाहीत. पुष्कळदा ती कुर्ला-अंधेरी फिरत राहतात ती अशा एखाद्या ओळीमुळे.

वही घेऊन येणाऱ्या मुलांना मी आता तीन प्रश्न याच क्रमाने लिहून देते. पत्ता सर्वात नेमका कोणाचा? त्याच पत्त्यासाठी दोघे बोलत असतील, तर दर्जा कोणाचा वरचा? आणि एकाच सांगणाऱ्याने दोन रस्ते दिले असतील, तर किंमत कशाची कमी? आपल्या त्या मुलालाही हेच लिहून दिलं. सोबत एक काम दिलं: क्लासमधल्या राउटरवर मार्गांची यादी काढायची आणि प्रत्येक ओळीतला चौकटी कंस वाचायचा. तिथे [११०/२०] असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला २० म्हणजे किंमत. आणि तिरक्या रेघेच्या आधी, पहिल्या जागेवर छापलेला ११० म्हणजे सांगणाऱ्यावरचा इतबार.